सुभेदारांची तक्तपोशी

सुभेदारांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते जमिनीवर पालथे पडले होते.

दिवाळीची सुट्टी संपत आली होती. बाळंतपणाची रजा संपवून मला वडूजच्या प्राथमिक शाळेत हजर व्हायचं होतं, म्हणून मी आणि आई जागा बघायला विट्याहून आलो होतो. सहा महिन्यांची माझी लेक आईच्या खांद्यावर झोपली होती. घर जुनं होतं. खाली मागच्या अंगाला घरमालक राहायचे, पुढे दगडी भिंती, दोन बाजू मोकळ्या, तिथे ट्रॅक्टर उभा. त्याच्या कडेने लाकडी जिना वर जायचा आणि वर दोन खोल्या. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर पोचले तर समोरच्या रिकाम्या खोलीत सत्तरीला टेकलेला एक माणूस, अंगात बंडी, खाली खाकी पँट, डावा गाल फळ्यांना टेकवून, डोळे मिटून पडलेला.

"अगं बाई, चक्कर आली वाटतं!" आई ओरडली.

मी धावले. त्या माणसाने डोळे न उघडता एक हात वर केला, चौकातला पोलीस करतो तसा.

"हालू नका. आत्ता घावतोय."

"काय घावतंय?"

"वारा."

मग ते उठून बसले. गालावर फळ्यांच्या फटीची रेघ उमटली होती. त्यांनी आमच्याकडे नीट बघितलं, लेकीकडे जरा जास्तच वेळ बघितलं, आणि विचारलं, "खाली झोपता का कॉटवर?"

घर भाड्याने द्यायच्या आधी माणसं विचारतात त्यातलं त्यांनी दुसरं काहीच विचारलं नाही. नवरा कुठे असतो, मटण करता का, पाहुणे किती येतात, काही नाही. मीच सांगितलं, की मालक कोइमतूरला गलाईच्या दुकानात असतात, सोनं गाळायचा धंदा, इथे मी, आई आणि मुलगी अशा तिघीच राहणार. ते मान हलवत होते, पण उत्तर मिळेपर्यंत सोडायला तयार नव्हते.

"खालीच झोपतो," आई म्हणाली. "कॉटवर मला झोप येत नाही."

"मग कठीण हाय," सुभेदार म्हणाले. आणि किल्ली दिली.

ते सैन्यात सुतार होते. वर बर्फाच्या मुलखात जवानांना राहायला ज्या बराकी बांधतात, त्यांच्या लाकडी जमिनी करण्यात त्यांची सारी नोकरी सरली. एकदा वादळात अडकले आणि दोन्ही पायांचे तळवे बर्फाने जाळले. पाय वाचले, चालणं वाचलं, पण तळव्यांची जाणीव गेली. "गार हाय का गरम हाय, कायसुदिक कळत न्हाई," ते सांगायचे. "पाय म्हंजे नुसतं बूट झाल्यात. मग गालाला इचारावं लागतं." म्हणून कुणाच्याही घरी गेले की यजमान चहा टाकायला आत वळले रे वळले, हे जमिनीवर. गावाला सवय होती. नव्या सुना तेवढ्या दचकायच्या.

खिशात उदबत्तीचा पुडा कायम. देवासाठी नाही. दाराच्या, खिडकीच्या, फळ्यांच्या कडेने पेटती उदबत्ती हळूहळू फिरवायची आणि धूर कुठे वाकतो ते बघायचं, हा त्यांचा छंद. धूर सरळ वर गेला तर चेहऱ्यावर समाधान. वाकला तर लगेच खडूने खूण. आमच्या शाळेत त्यांना प्रजासत्ताक दिनाला पाहुणे म्हणून बोलावलं होतं. व्यासपीठावर त्यांनी उदबत्ती पेटवली, तेव्हा आम्हाला वाटलं तसबिरीला ओवाळतात. ते ओणवे झाले आणि व्यासपीठाच्या कडेने उदबत्ती फिरवत पार टोकाला गेले. परत येऊन भाषणाला उभे राहिले. पोरं खाली शहाबादी फरशीवर बसली होती, जानेवारीची सकाळ.

"पोरांनो, बुडाखाली काय हाय?" सुभेदारांनी विचारलं.

हशा पिकला.

"हसू नगा. बगा बुडाखाली."

पोरांनी खरोखरच वाकून बघितलं.

"घरी जाऊन आयेला सांगायचं, उद्यापास्नं एक पोतं दे. जय हिंद." एवढंच भाषण. दुसऱ्या दिवशी पहिलीची सगळी पोरं काखेत पोती मारून आली. मुख्याध्यापकांना सतरंज्या मागवाव्या लागल्या.

वाऱ्यांना त्यांनी नावं ठेवली होती. दाराखालून येतो तो जावई. विचारत नाही, पुसत नाही, सरळ आत येऊन मधोमध बसतो. भिंतीच्या चिरेतून येतो तो चुलता. आपल्याच भिंतीतला, पण आपल्यालाच त्रास देतो. खिडकीतून येणाऱ्याला ते काही म्हणायचे नाहीत, "त्यो उघड येतो, त्याची खिटी लावता येती." मी एकदा विचारलं, "आणि फळ्यांमधून येतो तो?"

"त्याला नाव न्हाई ठिवलं," ते म्हणाले आणि विषय बदलला.

आमच्या घरात हा बिननावाचा वाराच मालक होता. त्या भागातला वारा ज्यांनी खाल्लाय त्यांना सांगायला नको. समोरच्या डोंगरावर पवनचक्क्या उगीच उभ्या केलेल्या नाहीत. माळावरून सुटलेला वारा आमच्या घराखालच्या मोकळ्या जागेत शिरायचा आणि तुळयांवर ठोकलेल्या फळ्यांच्या फटींतून वर यायचा. ह्या फळ्यांच्या जमिनीला सुभेदार तक्तपोशी म्हणायचे. सागवान चांगलं होतं, पण म्हातारं होऊन आकसलं होतं. फटींतून खालच्या ट्रॅक्टरचा लाल रंग दिसायचा. जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं की ते मधेच फुगायचं. आई भाकरी थापायला बसायची तेव्हा परातीतलं पीठ कडेने हलायचं. बोळातल्या सगळ्यांना थंडी वाजायची ती अंगाला, आम्हाला वाजायची खालून.

आईने पहिल्याच दिवशी खोलीभर हात फिरवून आतला एक कोपरा निवडला. "त्यातल्या त्यात हा बरा," ती म्हणाली. लेकीचं अंथरूण तिथे पडलं. तो कोपरा का बरा होता, हे तेव्हा आम्हा कुणालाच माहीत नव्हतं.

माझी लेक आठव्या महिन्यात झाली होती. जन्मली तेव्हा एवढीशी, ओंजळीत मावेल अशी. सहा महिन्यांची झाली तरी अंगाने चार महिन्यांचीच वाटायची. वडूजला येऊन पंधरा दिवस होतात न होतात तोच तिला खोकला झाला आणि तिसऱ्या दिवशी तिचा श्वास असा चालायला लागला की बरगड्यांमध्ये खड्डे पडत होते. सुभेदारांनी शेजाऱ्याची जीप काढायला लावली, आम्ही साताऱ्याला पोचलो. न्यूमोनिया निघाला. आठ दिवस दवाखान्यात होतो. नळ्या, सुया, तिचा आवाज न फुटलेला रडका चेहरा. ते मी इथे लिहीत बसत नाही.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "फुप्फुसं नाजूक आहेत. या थंडीत परत झालं तर अवघड जाईल. गार जमिनीवर ठेवू नका, वारा लागू देऊ नका."

हे सांगायला सोपं होतं. पण ती पालथी पडायला शिकली होती, रांगायचं वय जवळ आलं होतं. कॉटवर ठेवली तर पडणार, कडेवर किती वेळ घेणार? आईचे गुडघे दुखायला लागले होते. शेवटी मी आठवडी बाजारातून फुलाफुलांची प्लास्टिकची चटई आणली, मीटरवर मिळते ती, आणि दोन्ही खोल्यांत भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरली. वारा थांबला. मला वाटलं, सुटले.

तीन आठवड्यांनी सुभेदार वर आले. दारातच थबकले. नाक वर करून वास घेतला. मग खाली बसून त्यांनी चटईची एक कड धरली आणि टरकन ओढली. खालच्या फळ्या ओल्या होत्या. काळी बुरशी धरली होती, हाताला बुळबुळीत लागत होती.

"नाक दाबलंय तुमी लाकडाचं," ते कडाडले. "लाकूड घाम गाळतंय आन् तुमी त्याच्या तोंडावर प्लास्टिक बांधलंय. ह्योच बुरशीचा वास ही पोर छातीत घेती. कुणी सांगितलं हुतं तुमाला?"

आठ दिवसांचा दवाखाना, महिन्याभराचं जागरण, सगळं माझ्या डोक्यात गेलं. "मग काय करू मी?" मीही ओरडले. "तुम्हाला फळ्यांची पडलीय काका, मला माझी मुलगी जगवायचीय! येत्या एक तारखेला आम्ही घर सोडतोय. स्लॅबची खोली बघितलीय मी."

लेक त्या कोपऱ्यात पडून त्यांच्याकडे टकामका बघत होती. चटईची कड गुंडाळत सुभेदार म्हणाले, "बाई, पंधरा दिस द्या मला. पोरीला आन् आयेला घिऊन खाली आमच्यात राहा. पंधरा दिसांनी बगा, आन् मग जा."

ते खाली गेले. पाठोपाठ त्यांची बायको वर आली. त्यांना आम्ही काकी म्हणायचो. तोंडाने फटकळ, पण सुभेदारांच्या वेडाला त्यांनी कधी आडकाठी केली नाही. त्यांनी लेकीला उचललं, दुपट्यात गुंडाळलं आणि मला म्हणाल्या, "चला बाई खाली. ह्यांनी एकदा भुईला हात घातला की ब्रह्मदेव आला तरी न्हाई ऐकायचे."

दुसऱ्या दिवशी दारात लोकरीची पोती पडली.

आमच्याकडे धनगर वर्षातून दोनदा मेंढ्या कातरतात. पूर्वी त्या लोकरीची घोंगडी व्हायची, आता जाड काळ्या लोकरीला कुणी विचारत नाही, ती वाड्यांवर पडून कुजते. सुभेदारांचा एक धनगर दोस्त होता, त्याच्याकडून त्यांनी टेंपोभर लोकर आणली. आणि गावात घरोघर फिरून जुनी जेनं गोळा केली. जेन म्हणजे लोकर थापून थापून केलेलं जाड अंथरूण, विणलेलं नसतं, त्यामुळे त्यातून वारा जात नाही. एकेकाळी घराघरात असायची. आता फोमच्या गाद्या आल्यापासून माळ्यावर गुंडाळून पडलेली. "म्हातारीचं जेन हाय का हो?" असं विचारत सुभेदार गल्लीबोळ हिंडले. लोकांनी आनंदाने दिली, माळे रिकामे झाले.

लोकर धुवायची, वाळवायची, पिंजायची. अंगणात काळे ढीग पडले. साऱ्या घराला मेंढरांचा वास. माझ्या साड्यांना लागला, वह्यांना लागला. दुसरीतल्या एका पोराने वर्गात हात वर करून विचारलं, "बाई, तुमी मेंढरं घेतली का?"

लोकरीला कसर लागते ही एक अडचण होती. सैन्यात ते कुठली तरी पांढरी पूड वापरायचे, तिचं इंग्रजी नाव त्यांना आठवत होतं, पण ती इथे कुठे मिळणार ते माहीत नव्हतं. चिमूटभर उरलेली त्यांनी डबीत जपली होती. मी बघितली आणि मला हसूच आलं. तो टाकणखार होता. गलाईच्या दुकानात सोनं वितळवताना मुशीत टाकतात तो. माझ्या सासरी विट्याला घरटी एक तरी माणूस त्या धंद्यात, टाकणखाराची काय वाण? रविवारी जाऊन मी अर्धं पोतं घेऊन आले. सुभेदारांनी पूड बोटावर घेतली, बघितली, आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे हसून म्हणाले, "शाब्बास! आता तुमी आमच्या पलटणीत."

आमचं भांडण तिथेच मिटलं. शाळा सुटली की मीही पदर खोचून कामाला लागायची. टाकणखाराच्या पाण्यात लोकर बुडवून वाळवणं माझ्याकडे. ते खालच्या बाजूने, शिडीवर उभे राहून, दोन तुळयांच्या मधल्या पोकळीत लोकर भरायचे आणि खालून जेनाचे तुकडे ताणून पट्ट्या ठोकायचे. घट्ट दाबायची नाही, हे दहादा बजावायचे. "दाबली की मेली. तिच्यात हवा कोंडून ऱ्हायली पायजे, उबारा त्याच हवेचा." आठवड्यात खालची बाजू झाली. मग ते वरच्या फटींना लागले. रुंद फटींत लाकडाच्या चिपा बसवायच्या, अरुंद फटींत लोकरीचा पीळ ठासायचा. पण त्याआधी करवतीच्या पात्याने फटीतली जुनी घाण खरवडून काढायची.

तो रविवार होता, दुपारचे तीन-साडेतीन. त्यांनी सुरुवात आतल्या कोपऱ्यातून केली, जिथे लेकीचं अंथरूण असायचं. मी झाडू घेऊन शेजारी होते. पात्याबरोबर धूळ आली, मग एक घट्ट गुंडाळी आली. निळा कागद. त्याच फटीतून दुसरी गुंडाळी, तिसरी.

"उंदराचं काम दिसतंय," मी म्हणाले.

सुभेदारांनी एक गुंडाळी उलगडली. आंतर्देशीय पत्र होतं. कडा कसरीने खाल्लेल्या, शाई पुसट. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं. चष्मा खाली राहिला होता. "वाचा बरं, बाई," ते म्हणाले.

मी वाचलं. "तीर्थरूप आबांना साष्टांग दंडवत. इकडे बर्फ पडला आहे. पण आम्ही बराकीच्या जमिनीखाली लोकर घालतो, त्यामुळे झोप चांगली लागते. आपण माझी काळजी करू नये. तिकडे थंडी कशी आहे ते कळवावे." खाली सही होती. मी वाचायचं थांबले, कारण सही सुभेदारांची होती.

ते भिंतीला टेकून बसले, पाय पसरून. मी काकींना हाक मारली.

पुढची गोष्ट मला थोडी त्यांनी सांगितली, थोडी काकींनी. सुभेदारांचे वडील, आबा, ह्या वरच्या खोलीत एकटे राहायचे. लिहिता-वाचता येत नव्हतं. पत्र आलं की पोस्टमन वाचून दाखवायचा आणि उत्तरही तोच दोन ओळींत खरडायचा, सगळं ठीक आहे. सुभेदार एकदा सुट्टीवर आले असताना त्यांनी वडिलांना विचारलं, माझी पत्रं कुठायत? ट्रंकेत बघितलं, कोनाड्यात बघितलं, एकही नव्हतं. आबा म्हणाले, "हायत की. हितंच हायत." आणि हाताने जमीन थोपटली.

"मला वाटलं, म्हातारं टाळतंय," सुभेदार म्हणाले. "मी म्हणलं, चुलीत घातली आसशीला, सरळ सांगा की. तर गप बसलं. मला लय राग आला, बाई. तिथं बोटं आखडत्यात, शाई गोठती, तसलं मी लिवायचो, आन् ह्यांनी चुलीत घालावं? मग मी लिवणंच सोडलं. दोन वर्सं. तेवढ्यात ते गेलं. मला सुट्टीसुदिक घावली न्हाई."

काकी पदराने डोळे पुसत होत्या. "मामंजी वर कुणाला झाडायलासुदिक येऊ देत न्हवते. मी खालनं बघायची, आता धुरळ्यानं समदं काळं झालंय, तवा फटीत कायतरी निळं दिसायचं. मला वाटायचं, धोतराच्या चिंध्या कोंबत्यात."

मला वाटलं, आता ते काम थांबवतील. पण ते परत गुडघ्यांवर आले आणि पातं उचललं. एकेक फट खरवडत कोपऱ्यातून खोलीच्या मध्याकडे सरकत गेले. प्रत्येक फटीत निळ्या गुंडाळ्या. कुठे नुसता भुगा, कुठे अख्खं पत्र. मी एकेक उचलून सुपात ठेवत होते. खोलीच्या बरोबर मध्यावर, खांबापाशी, पातं एका फटीत घातलं ते सरळ पलीकडे निघालं. नुसती धूळ. त्यांनी पुढची फट बघितली. रिकामी. त्याच्या पुढची. रिकामी. दारापर्यंत सगळ्या रिकाम्या.

ते परत खांबापाशी आले आणि शेवटच्या भरलेल्या फटीवर हात ठेवून म्हणाले, "हितनं फुडं न्हाई."

मला समजायला एक क्षण लागला. मग समजलं आणि मी मान खाली घातली.

"मी थांबलो, आन् म्हातारं आर्ध्या खोलीत उघड्यावर झोपलं," सुभेदार म्हणाले.

काकींनी त्यांना तसं राहू दिलं नाही. खसकन म्हणाल्या, "आवं, काय बोलताय? त्यांचं हातरूण हिकडं आसायचं, हाय त्या कोपऱ्यात. मी सोता जेवान आणून द्यायची. तुमच्या पत्रांवर झोपलं म्हातारं शेवटच्या दिसापत्तर. वारा न्हवता त्यांना."

सुभेदारांनी बायकोकडे बघितलं. "खरं सांगतीस?"

"खोटं कशाला सांगू?"

मग सुभेदार तिथेच, त्या कोपऱ्यात, आडवे झाले आणि डोळ्यांवर हात घेऊन पडून राहिले. आम्ही दोघी सूप घेऊन खाली आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत निघाले तेव्हा वरून हातोडीचा आवाज येत होता. पत्रं परत फटीत घालायची का, असं काकींनी विचारलं होतं म्हणे. ते म्हणाले, "न्हाई. कागदाला कसर लागती. काम म्हंजे काम." वाचण्यासारखी होती ती काकींनी स्टीलच्या डब्यात ठेवली. मी संध्याकाळी घरकाम आटोपून त्यांना एकेक वाचून दाखवायची. ते ऐकताना मधेच म्हणायचे, "बघा, तवासुदिक लिवलं हुतं मी, उंबऱ्याला पट्टी मारा म्हणून," आणि स्वतःच हसायचे. कोपऱ्याच्या फटींत त्यांनी लोकरीचा पीळ ठासला आणि खांबाच्या पुढे तोच पीळ तसाच नेत दारापर्यंत गेले. उंबऱ्याला जेनाची पट्टी मारली. जावयाची वाट बंद झाली.

सोळाव्या दिवशी आम्ही वर राहायला गेलो. एक दिवस उशीर झाला म्हणून त्यांनी माफी मागितली. आई मधोमध फतकल मारून बसली आणि तिने दोन्ही तळहात फळ्यांवर ठेवले. वर्तमानपत्र पसरून बघितलं, हललं नाही. लेकीला मी जमिनीवर सोडलं. ती आधी जागच्या जागी डोलली, मग हात टाकला, गुडघा ओढला, आणि थेट सुभेदार बसले होते तिकडे निघाली. ती पहिल्यांदा रांगली ती त्या दिवशी.

आम्ही तिथे चार वर्षं राहिलो. मग मला सांगली जिल्ह्यात बदली मिळाली. निघायच्या दिवशी मी वाकून सुभेदारांच्या पाया पडायला गेले तर ते मागे सरकले. "पायाला नगा हात लावू. मला कळायचंच न्हाई," म्हणाले, आणि दोन्ही हात पुढे केले. मी ते हात डोक्यावर घेतले. रंध्याने घट्टे पडलेले, खरखरीत, गरम हात.

ते अजून आहेत. आता शिडीवर चढू देत नाहीत घरचे, तर खाली खुर्ची टाकून दुसऱ्यांना सूचना देतात. गावातल्या तीन अंगणवाड्यांत पोरं जेनावर बसतात. फोनवर काकी तक्रारी करतात, "कालच्याला एका लग्नात गेलतो, तर हे मांडवात आडवे! नवरीच्या मामाला वाटलं, कमीजास्त झालं." मग फोन ते घेतात आणि लेकीला विचारतात, "अभ्यासाला बसताना बुडाखाली काय घेतीस गं?" ती आता चौथीत आहे. पट्टीची पोहते.

पण मला ते आठवतात ते फाल्गुनातल्या एका दुपारी. त्या पहिल्या वर्षीची थंडी सरली होती. वर परत राहायला गेल्यापासून लेकीला साधं पडसंही झालं नव्हतं. तिला तपासायला मी साताऱ्याला नेलं. डॉक्टरांनी नळी छातीला लावून पुढून ऐकलं, पाठीमागून ऐकलं, परत पुढून ऐकलं, आणि म्हणाले, "दोन्ही बाजू एकदम मोकळ्या आहेत. आता काही काळजी नाही." एस.टी.ने परत आले. सुभेदार खाली ट्रॅक्टरपाशी फळीला रंधा मारत होते. मी लेकीला कडेवर घेऊन समोर उभी राहिले आणि सांगितलं.

त्यांचा रंधा थांबला. "काय म्हणलं डाक्टर?"

"छाती मोकळी आहे म्हणाले. दोन्ही बाजू. काळजी नाही."

ते खाली फळीकडे बघत होते. अंगठ्याने तिच्यावरच्या लाकडाच्या ढलप्या झाडत होते.

"परत सांगा."

मी परत सांगितलं.

त्यांनी आत तोंड करून हाक मारली, "आगं ए, हिकडं ये. बाई काय सांगत्यात ते ऐक." काकी आल्या, हात पिठाने भरलेले. मी सांगायला गेले आणि लेकीच्या झबल्यात तोंड खुपसून रडायला लागले. सुभेदारांनी ट्रॅक्टरच्या चाकापाशी पोतं टाकलं, मला बसायला खूण केली, लेकीला आपल्याकडे घेतलं, आणि म्हणाले, "सावकास सांगा, बाई. घाई न्हाई."